शिंजिराला परसात बोलवायचं तर

मोबाईलवर तुम्ही ते व्हिडिओ पाहिले असतील. लाल प्लास्टिकची बाटली टांगलेली, आत साखरपाणी आणि तिच्याभोवती हवेत जागच्या जागी थांबून रस पिणारे इवलेसे पक्षी. अशा बाटल्या आता ऑनलाइन मिळतात. मग प्रश्न येतो, आपल्या मांजरीत बाटली टांगली तर हे पक्षी येतील का?

ते पक्षी येणार नाहीत. त्यांचं नाव हमिंगबर्ड. ते फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत राहतात, आपल्याकडे एकही नाही. पण फुलातला गोड रस पिणारा आपला स्वतःचा पक्षी आहे, तो म्हणजे शिंजीर. कुणी त्याला सूर्यपक्षी म्हणतं, कुणी फुलचुखी. बोटभर लांब, वजन दहा ग्रॅमपेक्षाही कमी, चोच बारीक आणि खाली वळलेली. मांजरीत दोन जाती सहज दिसतात. एक जांभळा शिंजीर. त्याचा नर विणीच्या दिवसांत सावलीत काळा दिसतो आणि उन्हात आला की निळाजांभळा चमकतो. वीण संपली की त्याचा हा झगझगीत पोशाख उतरतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो. दुसरी जात पोटाशी पिवळी असते. माद्या दोन्हींच्या साध्याच, वरून मातकट, खालून फिकट पिवळ्या.

शिंजीर हमिंगबर्डसारखा फार वेळ हवेत तरंगत नाही. क्षणभर तरंगतो, पण त्याला बसून प्यायला आवडतं. म्हणून त्याला फुलाजवळ बारीक, मजबूत डहाळी लागते. जास्वंदीवर तर तो वेगळीच युक्ती करतो. फुलात तोंड घालण्याऐवजी देठाजवळ चोचीने भोक पाडतो आणि रस ओढून घेतो. फुलाला त्याचा काही उपयोग होत नाही, सरळ चोरीच म्हणा ना!

आता बाटलीपेक्षा महत्त्वाची गोष्ट. मोठा शिंजीर रसावर भागवतो, पण पिल्लं नुसत्या गोडावर वाढत नाहीत. त्यांना अळ्या, मावा, लहान कोळी भरवावे लागतात. शिवाय घरटंही कोळ्याच्या जाळ्याशिवाय बांधून होत नाही. मादी एकटीच ते बांधते. गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, वाळकी पानं जाळ्याच्या धाग्यांनी चिकटवून लोंबती पिशवी करते आणि दारावर छोटीशी पडवीही काढते. म्हणजे साखरपाण्याची बाटली आहे, पण परसात किडा नाही आणि कोळिष्टक नाही, अशा घरी शिंजीर पाहुणा म्हणून येईल, संसार थाटणार नाही.

कोळिष्टकं दिसली की पाहुणे काय म्हणतील, ही आपली काळजी. घर जरूर झाडा. पण गोठ्यामागचा, कुंपणाचा एखादा कोपरा उन्हाळा संपेपर्यंत तसाच राहू द्या.

फवारणीचंही तसंच. जास्वंदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला की आपण शेतातलं उरलेलं औषध मारतो. काही औषधं झाड मुळातून किंवा पानातून शोषून घेतं आणि ती फुलातल्या रसातही उतरतात. तोच रस शिंजीर पितो आणि तेच मावे पिल्लांच्या तोंडात जातात. परसातल्या चार झाडांसाठी पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसून निघतो.

मग लावायचं काय? शिंजिराला बारा महिने रस हवा, म्हणून एका झाडावर भिस्त ठेवू नका. हिवाळ्यात अडुळसा आणि शेवगा फुलतात. हिवाळा सरताना काटेसावर, पळस, पांगारा बहरतात, पण ती मोठी झाडं आहेत. नदीकाठी, कालव्याच्या कडेला, शाळेच्या आवारात असतील तर ती तोडू नयेत, यासाठी गटाने बोलावं. 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. उसाच्या बांधावरची झाडं प्लॉट पडताना जातात आणि नव्या इमारतीपुढे शोभेची झाडं येतात. बोगनवेल रंगाने डोळे दिपवते, पण शिंजीर तिच्यावर रेंगाळत नाही.

घरापुरतं म्हणाल तर एकेरी पाकळ्यांची गावठी जास्वंद, सांडपाण्यावर कर्दळ आणि दोन केळी लावा. केळफुलाचं एकेक पान उघडतं तेव्हा आतल्या फुलांत भरपूर रस असतो. पावसाळ्यात बाकी फुलं झोडपली जातात, तेव्हा केळ आणि कर्दळ कामी येतात. जागा असेल तर डाळिंब लावा. नर्सरीत हॅमेलिया नावाचं नारिंगी नळीसारख्या फुलांचं झुडूप मिळतं. ते मूळचं अमेरिकेतलं, तिथे त्यावर हमिंगबर्ड येतात. इथे आपल्या शिंजिरानेही ते पसंत केलं आहे. ते जवळजवळ वर्षभर फुलतं आणि छाटणी सोसतं. घाणेरीवरही शिंजीर येतो, पण ती मुद्दाम लावू नका. एकदा पसरली की बांधावर दुसरं काही उगवू देत नाही.

तरीही बाटली टांगायचीच असेल तर बसायला काडी असलेली घ्या. एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी, उकळून गार केलेलं. रंग घालू नका. मध नको, तो पाण्यात लवकर आंबतो आणि बुरशी धरतो. गूळही नको, त्यातलं लोह आपल्याला चांगलं, एवढ्याशा जिवाला नाही. उन्हाळ्यात पाणी रोज बदला आणि बाटली गरम पाण्याने, ब्रशने घासा. रोज घासणं जमणार नसेल तर बाटली टांगूच नका, आंबलेलं पाणी पिऊन पक्षी आजारी पडतात. पावसाळ्यात ती सरळ काढून ठेवा. फुलझाडाला हा व्याप नाही. उन्हाळ्यात सकाळी कर्दळीच्या पानांवर पाणी शिंपडलंत तर ओल्या पानांवर अंग घासून तो अंघोळही करेल.

विणीच्या दिवसांत दोन गोष्टी हमखास घडतात. एक म्हणजे नर गाडीच्या आरशावर चोची मारत बसतो. आपल्याच प्रतिबिंबाला तो दुसरा नर समजतो आणि दमून जातो. आरशावर जुना मोजा चढवा, भांडण मिटेल. दुसरी म्हणजे घरटं नेमकं पडवीतल्या वायरीवर किंवा कपड्यांच्या दोरीवर निघतं. ते हलवू नका. अंडी बहुधा दोन असतात आणि अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना जातो. तेवढे दिवस कपडे दुसरीकडे वाळत घाला आणि मांजराला चढता येईल असं स्टूल किंवा पिंप त्याखालून सरकवा.