लोभदेवाची कथा

इसवी सन ७७९ मध्ये राजस्थानातील जालोर येथे उद्द्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादित केलेली तिची संहिता १९५९ साली प्रसिद्ध झाली. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह हे पाच विकार या ग्रंथात माणसांच्या रूपाने भेटतात. त्यांपैकी लोभदेव हा व्यापारी होय.

तक्षशिलेकडचा हा तरुण घोडे विकण्यासाठी दक्षिणेत सोपारा बंदरी, म्हणजे आजच्या नालासोपारा परिसरात येतो. भद्रश्रेष्ठी त्याला आपल्या घरी उतरवून घेतो. विक्रीत चांगला नफा होतो. परतण्यापूर्वी तेथील प्रथेप्रमाणे व्यापाऱ्यांची सभा भरते. कोणी कोणता माल कुठे नेला, काय आणले, हे प्रत्येक जण सांगतो. एक जण सांगतो की, रत्नद्वीपाला कडुनिंबाची पाने नेली आणि तेथून रत्ने आणली.

ही एक गोष्ट लोभदेवाच्या मनात घर करते. भद्रश्रेष्ठीला भागीदार करून तो समुद्रप्रवासास निघतो. परतताना रत्नांनी भरलेल्या गलबतावर त्याला भागीदाराचा वाटा खुपू लागतो. ज्याने आसरा दिला, त्यालाच तो समुद्रात ढकलतो. पुढे गलबत फुटते, धन बुडते आणि अनन्वित हाल सोसून तो कौशांबीस धर्मनंदन आचार्यांच्या सभेत येऊन बसतो.

राजा पुरंदरदत्तापुढे आचार्य लोभाचे स्वरूप सांगतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. सभेतच बसलेल्या त्या माणसाकडे निर्देश करून ते त्याची कथा सांगतात. श्रोत्यांना प्रथम संताप येणे स्वाभाविक आहे. परंतु घोड्यांच्या नफ्यापासून समुद्रातील त्या क्षणापर्यंत लोभ कसा पायरीपायरीने चढत गेला, हे ऐकताना त्यातली पहिली पायरी आपल्याही ओळखीची आहे, हे प्रत्येकास जाणवते. लोभदेव स्वतःही ऐकत असतो. पश्चात्तापाने तो दीक्षा घेतो.

एका कथेने त्याचा लोभ चेतवला, दुसरीने तो शमवला. व्यापारी घराण्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भागीदारी मोडलेल्या घरांत मुले काकांविषयी ‘त्यांनी आपल्याला फसवले’ एवढेच ऐकत मोठी होतात. तो सारांश खरा असला, तरी ती कथा नव्हे. काकांनी पेढी उभी करताना काय सोसले, पहिला संशय कोणाच्या मनात आला, आपल्या बाजूने कोणता शब्द अधिक गेला, हेही मुलांना सांगावे लागते. धर्मनंदनांनी अपराध लपवला नाही. अपराधी माणूस मात्र पूर्ण दाखवला. संवत्सरीला क्षमा मागण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी ती जुनी हकीकत एकदा आरंभापासून सांगून पाहावी.