महागडा डिस्क-प्लेअर : चित्र आणि ध्वनी पारखताना

तबकडीची मर्यादा : कॉम्पॅक्ट डिस्क (१९८२) – सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. डीव्हीडी (१९९६) – पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत ७२० × ५७६ बिंदू. ब्लू-रे (२००६) – १९२० × १०८०. अल्ट्रा एचडी ब्लू-रे (२०१६) – ३८४० × २१६०. तबकडीवर जे नोंदलेलेच नाही, ते कितीही किमतीचे यंत्र निर्माण करू शकत नाही.

चित्र : एचडीएमआय तारेने ब्लू-रेचे चित्र मूळ स्वरूपात पाठविले असता सुस्थितीतील स्वस्त आणि महाग यंत्रांत फारसे अंतर उरत नाही, परंतु डीव्हीडीचे अल्प बिंदूंचे चित्र मोठ्या पडद्याच्या मापास वाढविताना, अथवा एकाआड एक रेषांनी नोंदलेले चित्र सलग करताना, यंत्रातील प्रोसेसर निर्णायक ठरतो, आणि तिरप्या कडांवर दातेरी पायऱ्या उमटतात काय, हे पाहणे ही त्याची खरी कसोटी होय.

ध्वनी : अंकीय नोंदीचे ॲनालॉग संकेतात रूपांतर कोठे होते, हा कळीचा मुद्दा. एचडीएमआयने जोडल्यास ते ॲम्प्लिफायरमध्ये होते, आणि हे रूपांतर करणारा प्लेअरमधील उंची डॅक, ज्यापायी किमतीचा मोठा हिस्सा खर्ची पडलेला असतो, निरुपयोगी राहतो; ॲनालॉग तारांनी जोडल्यास मात्र तोच कामी येतो.

तुलना : दोन्ही यंत्रांच्या आवाजाची पातळी मापकाने समान केल्याची खातरजमा आधी करावी, कारण किंचित मोठा आवाज कानास अधिक सरस भासतो; कोणते यंत्र चालू आहे, हेही ऐकणाऱ्यास ठाऊक नसावे.

एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी (१९९९) : १ बिट, सेकंदाला २८,२२,४०० नमुने; तिचा उच्च प्रतीचा थर सामान्य सीडी-प्लेअर वाचत नाही.