हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

दुपारची आवराआवर झाली, मुलं शाळेतून यायला तासभर अवकाश आहे, अशा वेळी लॅपटॉपवर भीमसेनजींचा किंवा किशोरीताईंचा एखादा राग लावून बसणाऱ्या मैत्रिणी आपल्यात पुष्कळ आहेत. पण मग तक्रार सुरू होते. आवाज बारीक येतो, तानपुऱ्यामागे खरखर ऐकू येते. कुणीतरी सुचवतं, "बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर जोड." दुकानदार चार डब्या पुढे मांडतो आणि किमती ऐकून आपण मनातल्या मनात महिन्याच्या किराण्याचा हिशोब घालू लागतो.

बायांनो, आधी दुखणं कोणतं ते ओळखा, मग औषध आणा.

आवाजच बारीक असेल तर हेडफोनच्या खोक्यावर 'ओहम'चा आकडा बघा. १६ ते ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला लॅपटॉपची ताकद बहुधा पुरते. सेनहायझरच्या एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन घरात असेल, तर मात्र त्याला जास्त व्होल्टेज लागतं. तिथे अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे खरोखर कामी येतात. आणि ब्लूटूथवर चालणारा बिनतारी हेडफोन असेल तर हा विषयच सोडा. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच असतो.

खरखरीचं दुखणं निराळं. लॅपटॉपच्या आत इतकी यंत्रं दाटीवाटीने बसलेली असतात की त्यांच्या विजेची गडबड गाण्यात मिसळते. गाणं थांबवून कान द्या, मग चार्जर काढून पुन्हा ऐका. गुणगुण थांबली तर ती चार्जरच्या वाटेने येत होती, एवढं नक्की. अशा वेळी हेडफोनच्याच भोकात जोडायची डबी घेऊ नका, ती गाण्याबरोबर खरखरही मोठी करील. खारट आमटी मोठ्या पातेल्यात ओतली म्हणून का तिचा खारटपणा जातो? यूएसबीला जोडायची डबी मागा. आकड्यांत साठवलेलं गाणं ध्वनीच्या विजेत उतरवण्याचं काम ती लॅपटॉपच्या बाहेर करते. त्या भागाला 'डॅक' म्हणतात. तो आहे ना, हे विचारून घ्या. मात्र चार्जरची गुणगुण कधीकधी यूएसबीतूनही येते, तेव्हा चार्जर लावूनच डबी तपासा.

हिराबाई बडोदेकरांच्या ७८ गतीच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांतली खरखर मूळ तबकडीचीच असते, बरं का. तिच्यावर कितीही महाग डबीचा उपाय नाही. (मला तर ती आवडतेसुद्धा!)

दुकानात आपलाच लॅपटॉप, आपलाच हेडफोन न्या. डबीचा 'आउटपुट इम्पिडन्स' हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, म्हणजे १६ ओहमला २ च्या आत. खर्जातली संथ आलापी लावून बघा. जलद तानेत खोट लपते.

घरी आणल्यावर बटण अगदी खाली ठेवूनच हेडफोन कानाला लावा. या डब्यांची ताकद कानाला सोसेल त्याहून जास्त असू शकते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालेल म्हणते, पण ९० डेसिबल झाला की फक्त ४ तास. घरात मुलं असतील तर काम झाल्यावर ती डबी काढून कपाटात ठेवा.