पंचावन्न टनांचा घोडा

भिवंडी, कल्याण, कळंबोली या पट्ट्यात नवा ट्रेलर घ्यायची गोष्ट निघाली की टाटाच्या सिग्ना ५५३०.एस या गाडीचं नाव हमखास येतं. कुणी म्हणतं, डोळे झाकून घ्या. कुणी म्हणतं, अशोक लेलँडचा हिशेब आधी करा. मला वाटतं, दोघंही एक प्रश्न विचारायचा विसरतात. या गाडीवर तुम्ही भरणार काय आणि ती कोणत्या रस्त्याने जाणार? याचं उत्तर पक्कं नसेल, तर ही चांगली गाडीही मालकाला खड्ड्यात घालू शकते.

आधी गाडीची ओळख. तिच्या नावातच तिची कुंडली आहे. पहिले दोन आकडे म्हणजे घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी), ट्रेलर आणि माल मिळून कायद्याने चालणारं एकूण वजन, ५५ टन. पुढचे दोन म्हणजे ताकद, ३०० अश्वशक्ती. शेवटचा एस म्हणजे मागे सेमी-ट्रेलर ओढणारी गाडी. इंजिन कमिन्सचं, सहा सिलिंडरचं, ६.७ लिटरचं. गिअर नऊ. घोड्याला सहा चाकं, ट्रेलरला बारा, म्हणून लाइनीत तिला सरळ अठरा चाकी म्हणतात. टाटाच्या टेल्कोने १९५४मध्ये डायम्लर-बेंझबरोबर जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, तिथून सुरू झालेल्या घराण्यातली ही आजची पिढी. याच घराण्यातली प्रायमा २००९मध्ये आली, तिच्यानंतर २०१६मध्ये सिग्ना. प्रायमा महाग आणि रुबाबदार. सिग्ना मात्र सामान्य मोटार मालकाच्या आवाक्याचा विचार करून काढलेली.

पंचावन्न हा आकडा जुलै २०१८मध्ये बदललेल्या अ‍ॅक्सल वजनाच्या नियमांतून आला. त्याआधी दोन अ‍ॅक्सलचा घोडा आणि तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर यांना ४०.२ टनांची मर्यादा होती. नव्या नियमाने पुढच्या अ‍ॅक्सलला ७, मागच्याला ११.५ आणि ट्रेलरच्या तीन जोडअ‍ॅक्सलना २७ टन दिले. बेरीज ४५.५. तीन अ‍ॅक्सलचा, म्हणजे दहा चाकी घोडा लावला तर ७, २१ आणि २७ मिळून ५५. पुढे कंपन्यांनी ट्रेलरचे तीन अ‍ॅक्सल एकमेकांपासून लांब बसवून, सहा चाकी घोड्यावरही ५५ टनांची मान्यता मिळवली. ५५३०ची मागणी इथून सुरू होते. चार टायर कमी, एक चालता, म्हणजे इंजिनाची ताकद मिळणारा अ‍ॅक्सल कमी, घोडा वजनाला हलका, आणि पासिंग मात्र दहा चाकीएवढंच.

आता आपल्या भागाचा माल बघू. भिवंडी तालुक्यातली मानकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे, राहनाळ, वळ ही गावं गोदामांनी भरली, कारण ती मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि बंदराच्या टप्प्यात होती. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामं हलली नाहीत, उलट पडघ्यापर्यंत वाढली. या गोदामांचा मोठा धंदा न्हावा शेवा बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचा. आणि कंटेनरच्या वजनाची मर्यादा ठरलेली असते. चाळीस फुटी पेटी मालासकट साधारण ३०.४८ टनांपर्यंत. घोडा आणि सांगाड्यासारखा उघडा ट्रेलर मिळून बारा-चौदा टन धरा. बेरीज ४५च्या आतच राहते. म्हणजे ज्याचा धंदा एकेक चाळीस फुटी पेटी ओढण्याचा आहे, त्याला ५५ टनांच्या पासिंगमधले वरचे साडेनऊ टन कधीच वापरता येत नाहीत. त्या टनांचे पैसे मात्र त्याने मोजलेले असतात. गाडीच्या किमतीत मोजलेले, टायरमध्ये मोजलेले, विम्यात मोजलेले.

हे साडेनऊ टन कुणाच्या कामाचे? कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पोलादाची कॉइल घेऊन विदर्भात किंवा उत्तरेला जाणाऱ्याच्या. भरलेल्या दोन वीस फुटी पेट्या एकाच ट्रेलरवर चढवणाऱ्याच्या. टाइल्स, सिमेंट, संगमरवर अशा मालाच्या, जिथे ट्रेलरवरची जागा भरण्याआधी वजनकाटा भरतो. भाडं टनावर मिळत असेल तर ही गाडी मालकाची. भाडं खेपेवर, पेटीमागे मिळत असेल, तर ४६ टनी वर्गातला सिग्ना ४६२५.एससारखा घोडा तेच काम कमी पैशात करतो. शोरूममधला विक्रेता हे आपणहून सांगेल, या भरवशावर राहू नये.

घोडा ट्रेलरला जोडताना एकदा जवळून बघावा. ड्रायव्हर गाडी रिव्हर्स घेतो, घोड्याच्या पाठीवरची ग्रीस लावलेली जाड गोल थाळी, म्हणजे फिफ्थ व्हील, ट्रेलरच्या पोटाखाली सरकते. ट्रेलरला खाली एक बोटभर जाड नव्हे, मनगटाएवढा पोलादी खुंटा असतो, किंगपिन. तो थाळीच्या खाचेत घुसला की जबडा खटकन बंद होतो. मग हवेच्या दोन नळ्या आणि दिव्यांची केबल लावायची, हँडल फिरवून ट्रेलरचे पुढचे पाय वर घ्यायचे, आणि ट्रेलरचे ब्रेक दाबून ठेवून घोडा हलकेच पुढे ओढून बघायचा. ते ओढून बघणं जो ड्रायव्हर कधीच चुकवत नाही, त्याच्या हातात गाडी द्यावी. पन्नास टनांचा सगळा भरवसा त्या एका खुंट्यावर असतो.

रस्त्यांचं सांगायचं तर ठाणे जिल्ह्याइतकी जड वाहनांची परीक्षा क्वचितच कुठे होत असेल. न्हावा शेव्याहून निघालेला ट्रेलर कळंबोली, तळोजा, कल्याण फाटा, शिळफाटा, मुंब्रा बायपास करत खारेगाव आणि मानकोलीला येतो. अंतर पन्नास-साठ किलोमीटर. ठाण्यात जड वाहनांना दिवसाच्या ठरावीक तासांत बंदी, त्यामुळे वेळ चुकली की कडेला लाइन लागते. हप्त्याचं गणित इथे बिघडतं. समजा, महिन्याला एक लाख हप्ता आहे. वर्षाला लाखभर किलोमीटर धावणाऱ्या गाडीवर तो किलोमीटरला १२ रुपये पडतो. रोज एक बंदर-फेरी करून वर्षाला ३६ हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीवर तोच हप्ता ३३ रुपये पडतो. गाडी तीच, बँक तीच.

या उभ्या राहण्याचा फटका इंजिनालाही बसतो, आणि तो फार मालकांच्या लक्षात येत नाही. एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळायला धूर खूप तापावा लागतो, आणि तो तापतो गाडी भारावर सलग धावली की. मुंब्रा बायपासला तासन्‌तास इंजिन चालू ठेवून इंचाइंचाने सरकणाऱ्या गाडीत जाळी तुंबत जाते, मीटरवर दिवा लागतो, आणि ड्रायव्हरने तो पाहूनही दामटलं तर इंजिन स्वतःच आपली ताकद कमी करतं. दुसरी गोष्ट युरियाची. डिझेलबरोबर वेगळ्या टाकीत भरायचं हे द्रव लांबच्या मार्गावर शंभर लिटर डिझेलमागे साधारण पाच-सहा लिटर लागतं. चार पैसे वाचवायला रस्त्याकडेचं बिनशिक्क्याचं युरिया टाकलं की सेन्सर जातो, आणि वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च गॅरेजमध्ये होतो. बंदर-फेरीवाल्या मालकांनी गाडी आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी, असं मी आवर्जून सांगेन.

लांब पल्ल्याचं चित्र मात्र ५ जून २०२५ला बदललं. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता थेट भिवंडी तालुक्याच्या दारात आला. ५५३०साठी याचं महत्त्व जरा वेगळं आहे. सहा चाकी घोड्याचा चालता अ‍ॅक्सल एकच, आणि त्यावर एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्साच येतो. दहा चाकीत दोन चालत्या अ‍ॅक्सलवर मिळून जवळपास ३८ टक्के वजन असतं. ओल्या चढावर टायरची पकड याच वजनातून येते. जुलैतल्या पावसात कसारा घाटात पूर्ण भरलेली अठरा चाकी वळणावर थांबली, तर पुन्हा सुटताना मागची चाकं जागच्या जागी फिरतात, मागे लाइन लागते. समृद्धीने इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा दिला आणि ही अडचण बरीचशी काढून टाकली. ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत, वरच्या गिअरला सलग चाललेली गाडी तब्येतीलाही चांगली आणि डिझेललाही. एक काळजी घ्यायची. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर टायरमधली हवा वाढते, तेव्हा हवा गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना तपासायची. रिमोल्ड टायर पुढच्या चाकांना लावू नयेत.

डिझेलचं बोलल्याशिवाय मालकाचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. वर्षाला एक लाख किलोमीटर आणि लिटरला तीन किलोमीटर अ‍ॅव्हरेज धरलं, तर ३३ हजार लिटरच्या वर डिझेल लागतं. नव्वद रुपयांच्या भावाने तीस लाख. पाच वर्षांत दीड कोटी. तीनचं अ‍ॅव्हरेज ३.२ झालं तर वर्षाला दोन हजार लिटरच्या वर वाचतं, म्हणजे पावणेदोन लाखांहून जास्त. हा ०.२चा फरक कंपनीच्या नावावर ठरतो, त्याहून जास्त ड्रायव्हरच्या उजव्या पायावर ठरतो. सिग्नात भारानुसार इंजिनाची ताकद निवडायचं बटण आहे, गिअर कधी बदलावा ते मीटरवर दिसतं. रिकाम्या गाडीतही जोराच्याच स्थितीत बटण ठेवून चालवणारे ड्रायव्हर असतात. त्यांना दोष देण्याआधी, त्यांना ते बटण कुणी समजावून दिलं का, हे मालकाने स्वतःला विचारावं.

ड्रायव्हरकडे तर सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातच दिवसाला आठ तासांची मर्यादा लिहिली गेली. लाइनीवर ती कोण पाळतं, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पूर्वी कंपनी नुसती चेसी द्यायची आणि केबिन स्थानिक कारागीर लाकूड-पत्र्याची बांधायचा. त्या केबिनमध्ये मे महिन्याच्या दुपारी बसलेला माणूस काय भाजून निघत असेल, याची कल्पना करा. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. हे तीस वर्षं आधी व्हायला हवं होतं. सिग्नाची झोपायची बर्थ, हवेवर डोलणारी सीट, मागेपुढे होणारं स्टिअरिंग या सोयी म्हणजे चैन नव्हे. चांगले ड्रायव्हर मिळेनासे झालेत, आणि मिळालेला माणूस कोणत्या केबिनमध्ये टिकतो हे मालकांना आता कळू लागलं आहे. दोन ड्रायव्हर देऊन गाडी रात्रंदिवस पळवायचा विचार असेल, तर त्या केबिनमध्ये स्वतः एक रात्र झोपून बघावी.

स्पर्धेतल्या गाड्या कमी नाहीत. अशोक लेलँडची २०२०मध्ये आलेली एव्हीटीआर मालिका कणखर आहे, भारतबेंझची केबिन शांत आहे. तरी महाराष्ट्र ओलांडून आडगावात गाडी बंद पडली, तर टाटाचा पार्ट आणि टाटा उघडणारा मिस्त्री सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. २२ सप्टेंबर २०२५पासून ट्रकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, त्याचा फायदा मात्र सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांना सारखा आहे. ५ टक्क्यांच्या पर्यायाने वाहतुकीची बिलं करणाऱ्या, म्हणजे खरेदीवरचा कर वळता करून न घेणाऱ्या मालकाच्या खिशात तो थेट पडतो.

तेव्हा माझं मत असं. धंदा न्हावा शेवा ते भिवंडी पेट्या ओढण्याचा असेल, तर ५५३० घेऊ नका. ४६ टनी घोडा पुरतो आणि परवडतो. कॉइल, टाइल्स, सिमेंट असा टनावर भाडं देणारा माल, समृद्धीसारखा सरळ रस्ता आणि परतीचा माल हे तिन्ही हातात असतील, तर या वर्गात याहून निर्धास्त गाडी आज मला दिसत नाही. पावसाळ्यातही घाटाचेच रस्ते धरावे लागत असतील, तर जरा जास्त पैसे घालून दहा चाकी घ्या. आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी डीलरकडून डेमो गाडी मागा, आपलाच माल भरून, आपल्याच ड्रायव्हरला बसवून, आपल्याच मार्गावर एक जाऊन-येऊन फेरी मारा, आणि काट्याची पावती व डिझेलचं बिल घेऊनच पुढचं बोला.