जिम्नॅस्टिक्स, अमेरिकेतील महिलांचे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महिलांचा स्पर्धात्मक कसरतींचा एक क्रीडाप्रकार. त्यात व्हॉल्ट, असमान उंचीचे दांड, तुळई व जमिनीवरील मुक्त कसरती असे चार विभाग असतात. तुळई ५ मी. लांब, जमिनीपासून १·२५ मी. उंच व केवळ १० सेंमी. रुंद असते. चारही विभागांतील गुणांच्या बेरजेवरून सर्वंकष वैयक्तिक विजेतेपद ठरते.

ऑलिंपिक सामन्यांत महिलांच्या सांघिक जिम्नॅस्टिक्सचा समावेश १९२८ मध्ये झाला. अमेरिकन महिला १९३६ मध्ये बर्लिन येथे प्रथम उतरल्या आणि १९४८ मध्ये लंडन येथे त्यांना सांघिक ब्राँझपदक मिळाले. त्यानंतर दीर्घकाळ सोव्हिएट रशिया व पूर्व यूरोपीय देश यांचे वर्चस्व राहिले. १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे दहापैकी दहा गुण मिळविणाऱ्या नादिया कोमानेची या रूमानियन खेळाडूचे प्रशिक्षक बेला व मार्ता कारोली हे दांपत्य १९८१ मध्ये अमेरिकेच्या आश्रयास आले. बेला यांची शिष्या मेरी लू रेटन हिने १९८४ मध्ये लॉस अँजेल्स येथे सर्वंकष सुवर्णपदक जिंकले. हा मान मिळविणारी ती पहिली अमेरिकन महिला होय. मात्र त्या सामन्यांवर सोव्हिएट रशियाने बहिष्कार घातला होता. १९९६ मध्ये अटलांटा येथे अमेरिकेने प्रथमच सांघिक सुवर्णपदक पटकाविले.

अमेरिकेत मुलींचे शिक्षण खाजगी क्लबांत होते व त्याचा खर्च बहुधा पालकच करतात. या विखुरलेल्या व्यवस्थेवर उपाय म्हणून क्रीडासंघटनेने राष्ट्रीय समन्वयकाचे पद निर्माण केले. २००१ पासून २०१६ पर्यंत ते मार्ता कारोली यांच्याकडे होते. टेक्सस राज्यातील कारोलींच्या शेतवाडीवर निवडक खेळाडूंची नियमित शिबिरे भरत आणि तेथील कामगिरीवर संघातील स्थान अवलंबून असे. पदकांच्या दृष्टीने ही पद्धती फलदायी ठरली. २००३ मध्ये सांघिक जागतिक अजिंक्यपद, २०१२ व २०१६ मध्ये सांघिक ऑलिंपिक सुवर्णपदक आणि २००४ पासून २०२४ पर्यंतच्या सहाही ऑलिंपिक सामन्यांत सर्वंकष विजेतेपद अमेरिकेने मिळविले.

या यशाची दुसरी बाजू २०१६ मध्ये उघडकीस आली. राष्ट्रीय संघाचा वैद्य लॅरी नासर याने उपचारांच्या नावाखाली मुलींवर लैंगिक अत्याचार केल्याचे ‘इंडियानापोलिस स्टार’ या वृत्तपत्राने प्रसिद्ध केले. शिबिरांत पालकांना राहण्याची मुभा नव्हती. निवडीचे अधिकार मोजक्या हाती असल्याने वेदना वा तक्रार बोलून दाखविणे मुलींना धोक्याचे वाटे. ज्या आज्ञाधारकतेमुळे पदके आली, असे मानले जाई, तिच्याच आड गुन्हा दडून राहिला. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगन येथील न्यायालयात दीडशेहून अधिक महिलांनी निवेदने केली व नासरला ४० ते १७५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्याच महिन्यात संघटनेने शेतवाडीवरील केंद्राशी संबंध तोडले. पीडितांना ३८ कोटी डॉलर भरपाई देण्याची तडजोड डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाली.

स्वतः पीडित असलेल्या सिमोन बाइल्सने २०२१ मध्ये टोकिओ येथे हवेत शरीराच्या स्थितीचे भान सुटू लागल्याने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. दुखावलेल्या घोट्यानिशी व्हॉल्ट करणाऱ्या केरी स्ट्रगचा १९९६ मध्ये झालेला गौरव लक्षात घेता, खेळाडूने स्वतःच थांबण्याचा निर्णय घेणे हा मोठा बदल होता. अमेरिकन संघाला त्या वेळी रौप्यपदक मिळाले. २०२४ मध्ये पॅरिस येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या पाचजणींपैकी चौघी टोकिओत खेळलेल्या व विशी ओलांडलेल्या होत्या. बाइल्स २७ वर्षांची होती. कोवळे वय व मूक आज्ञापालन यांवाचून या खेळात शिखर गाठता येत नाही, ही समजूत त्यामुळे निराधार ठरली.