राणीछाप रुपयाची स्वस्ताई

नेरच्या स्टँडसमोर चहाला बसलं, की कुणीतरी मोबाइल पुढे करतंच. ‘इंग्रजाच्या राज्यात सोनं वीस रुपये तोळा होतं, भाऊ!’ वर व्हिक्टोरिया राणीचा फोटो. मग आजीच्या राणीछाप रुपयांच्या माळेचा विषय निघतो आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं: ‘तेच राज्य बरं होतं.’

भाव जवळपास खरा आहे. पण तो तोळा घेणार कोण? दादाभाई नौरोजींनी 1876 मध्ये सरकारच्याच आकड्यांवरून हिशेब मांडला. ब्रिटिश हिंदुस्थानात माणशी उत्पन्न वर्षाला 20 रुपये! म्हणजे वर्षभर उपाशी राहिलात, तर एक तोळा. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर याहून जास्त खर्च होतो, हेही त्यांनीच दाखवलं. नुसता भाव सांगून काही कळत नाही, हे कापूस विकणाऱ्यांच्या गावात मी काय समजावून सांगू?

‘पण वऱ्हाड तेव्हा सोन्याची कुऱ्हाड होतं ना?’ होतं, काही वर्षं. निजामाच्या कर्जापोटी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. अमेरिकेतल्या यादवीत (1861–65) मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून इथले भाव चढले. यादवी संपली, भावही उतरले. कापूस मात्र पसरत राहिला आणि ज्वारीचं रान आकसलं. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडच्या कापूस-दुष्काळावरच्या पुस्तकात हे सविस्तर मांडलंय. पुढे 1896–97 आणि 1899–1900 चे दुष्काळ आले. खानेसुमारी काढून बघा: वऱ्हाडची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 29 लाख, 1901 मध्ये साडेसत्तावीस लाख. वाढायची ती घटली! आणि गादीवर तीच फोटोतली राणी.

‘शकुंतला रेल्वे राणीनं दिली’ म्हणणारेही भेटतात. राणी 1901 मध्येच वारली. यवतमाळ–मूर्तिजापूर गाडी त्यानंतरची, आणि तीही खासगी कंपनीनं कापसासाठी आणलेली.

‘न्याय सगळ्यांना सारखा होता’ म्हणे. गोऱ्या आरोपीवर मोफसलातल्या देशी मॅजिस्ट्रेटनं खटला चालवावा, एवढं सुचवणारं इल्बर्ट बिल 1883 मध्ये आलं, तर गोऱ्यांनी केवढं रान उठवलं!

आजीच्या माळेतला रुपया जरा निरखून बघा. 1877 किंवा नंतरचा असेल, तर त्यावर ‘क्वीन’ऐवजी ‘एम्प्रेस’ दिसेल. त्या पदवीसाठी 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत दरबार भरला. त्याच महिन्यात, दक्षिणेतल्या दुष्काळी कामांवरच्या गड्याची रोजची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी कमी केली: अर्ध्या किलोहून कमी धान्य आणि एक आणा.