ताणकाटा व त्याची पारख

भिवंडी तालुक्यातील पूर्णा गावी जेथे पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे हल्ली बहुतेक गोदामेच दिसतात. तथापि तालुक्यात भात, गवत व भाजीपाला काढणारे खातेदार अद्याप पुष्कळ आहेत, आणि माल विकताना त्यांची गाठ वारंवार टांगत्या ताणकाट्याशी पडते. सबब त्याचे मर्म वाचकांस सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

काही वर्षांमागे आम्ही सुक्या गवताचे भारे एका व्यापाऱ्यास घातले. काटा शून्यावर होता, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. पुढे शंका आली, तेव्हा शिक्क्याचे २० किलोचे वजन त्याच काट्यास लावून पाहिले. तो काट्याने १८ च दाखविले! म्हणजे दर १० क्विंटलांमागे १ क्विंटल माल फुकट गेला. शून्य बरोबर असता वजन चुकले कसे?

ताणकाट्याच्या पोटात पोलादी तारेची वेटोळी स्प्रिंग असते. ती स्वस्थ असता कोणासही ओढीत नाही. खाली ताणली की ती अडकविलेल्या वस्तूस वर ओढते. दाबली तर उलट ढकलते. तिचा जोर नेहमी मूळ स्थितीकडे असतो, आणि जितका ताण तितका जोर. ५ किलोंनी ती १ सेंटिमीटर लांबली, तर १० किलोंनी २ व २० किलोंनी ४ सेंटिमीटर लांबते. हा नियम रॉबर्ट हूक नामक इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली, म्हणजे रायगडावरील राज्याभिषेकानंतर चारच वर्षांनी, उघड करून प्रसिद्ध केला.

भार टांगला की तो खाली ओढतो व स्प्रिंग वर. दोन्ही ओढी समान झाल्या म्हणजे काटा स्थिरावतो. यावरून ध्यानात येईल की, काटा प्रत्यक्षात लांबी दाखवितो. किलोचे आकडे आपण तीवर लिहिलेले असतात. आता तेच आकडे ठेवून आत अधिक ताठ स्प्रिंग घातली, आणि ५ किलोंनी ती १ सेंटिमीटरऐवजी ९ मिलिमीटरच लांबली, तर २० किलोंस ३६ मिलिमीटर भरतील व काटा १८ दाखवील. भार नसता मात्र ताठ काय किंवा मऊ काय, कोणतीच स्प्रिंग लांबत नाही; म्हणून शून्य दोहोंचेही बरोबर! शून्य ही काट्याची अर्धीच परीक्षा होय.

दुसरी गोष्ट झोक्याची. भार आकड्यास अडकवून एकदम सोडला तर तो समतोलाच्या जागी न थांबता खाली जातो, व काटा क्षणभर जवळजवळ दुप्पट वजन दाखवितो. तेथे स्प्रिंगची ओढ भाराच्या सुमारे दुप्पट असल्यामुळे ती त्यास परत वर खेचते, आणि काटा वरखाली हलत राहतो. विकणाऱ्याचे वजन वरच्या झोक्यास वाचले तर तो बुडाला. घेणाऱ्याचे खालच्या झोक्यास वाचले तर तो.

तिसरी गोष्ट मर्यादेची. झेपेल त्याहून फार मोठा भार टांगल्यास स्प्रिंग कायमची लांबते व भार काढल्यावरही काटा शून्यावर येत नाही. तसा काटा व्यवहारात घेऊ नये.

यास्तव माल घालण्यापूर्वी शून्य पाहावे. मग शिक्क्याची वजने, शक्य तर एक लहान व एक मोठे, लावून पाहावे. आणि काटा पुरता स्थिर झाल्यावरच आकडा लिहावा. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ अन्वये व्यापारातील काट्यावर पडताळणीचा शिक्का आवश्यक आहे. तो नसल्यास त्या खात्याकडे तक्रार करिता येते. महसुली कारकुनीत आम्ही कागदावरील प्रत्येक आकडा ताडून पाहत असू, आणि स्वतःच्या गवताच्या वेळी मात्र तेवढेच विसरलो. वाचकांनी तरी विसरू नये.